चवीनुसार ॲसिड

आमच्या नाक्यावरच्या हॉटेलात सोडा नावाच्या पाच वस्तू नांदतात. पहिला खायचा सोडा. तो भज्यांच्या पिठात चिमूटभर पडतो आणि छोल्यांत मालकांची नजर चुकवून मूठभर. दुसरा धुण्याचा, चहाचे डाग पडलेल्या कपबशा आणि टेबल मारायची फडकी रात्री त्याच्या गरम पाण्यात भिजत पडतात. तिसरा कॉस्टिक सोडा, तुंबलेल्या मोरीसाठी आणि चिमणीच्या जाळीवर चढलेल्या तेलाच्या चिकटासाठी. चौथा बाटलीतला, फस्सकन उघडणारा, लिंबू पिळून प्यायचा. पाचवा सुक्या कोळंबीचा, तो बुधवारी आणि शुक्रवारी वांग्याच्या रश्शात पडतो. त्याला खरं तर सोडे म्हणायला हवं, पण वस्ताद गुहागरचे असले तरी कायम घाईत असतात, अनेकवचन त्यांना परवडत नाही. सहावा सोडा क्रियापद आहे. या पाचांपैकी कशाविषयीही मी काही सांगायला तोंड उघडलं, की वस्ताद कढईतला झारा न थांबवता म्हणतात, "सोडा हो मास्तर." सहाव्याचा खप सगळ्यांत जास्त.

त्यामुळे "बारक्या, सोडा आण" अशी हाक आली की बारक्या जागचा हलत नाही. आधी विचारतो, "कौनसा?" या सबंध भटारखान्यात रसायनशास्त्राची जाण असलेला एवढा एकच प्रश्न मी ऐकलेला आहे.

मी ३६ वर्षं डोंबिवलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. आता रोज दुपारी चारला या हॉटेलात येऊन बसतो. घरी चहा मिळत नाही असं नाही, पण घरी माझं ऐकून घ्यायला कुणी नसतं. इथेही कुणी ऐकत नाही. पण इथे माणसं जास्त आहेत, त्यामुळे मनाला वर्गात असल्यासारखं वाटतं. चारची वेळ मी मुद्दाम निवडलेली नाही. जेवणाची गर्दी ओसरलेली असते, संध्याकाळच्या भज्यांचा घाणा लागायचा असतो आणि त्या मधल्या तासाभरात हॉटेल धुतलं जातं. माझं टेबल भटारखान्याच्या दाराला लागून. म्हणजे नाटकाला पहिल्या रांगेतलं तिकीट, आणि तेही एका कटिंगच्या भावात.

वस्तादांच्या हाताला वजनकाटा माहीत नाही. चाळीस माणसांच्या आमटीत ते मीठ मुठीने टाकतात आणि अंदाज चुकत नाही. चुकलाच तर पाणी वाढवतात, आमटी पन्नास माणसांची होते. या हाताचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पंचाईत अशी, की हाच हात ओट्यावरून खाली मोरीकडे वळला तरी अंदाज तोच राहतो. मी एकदा विचारलं होतं, "मोरीत ॲसिड किती टाकता?"

"चवीनुसार," वस्ताद म्हणाले. त्यांना विनोद करायचा नव्हता. त्यांना दुसरं माप ठाऊकच नव्हतं.

ब्लीचचंही तेच. कच्च्या भाज्या क्लोरीनच्या पाण्यात बुडवून मग साध्या पाण्याने धुवाव्यात, असं अन्नसुरक्षेचे लोक सांगतात आणि बरोबर सांगतात. पण त्यांचं प्रमाण ५० पीपीएम असतं, म्हणजे दहा लाख भागांत ५० भाग. ५ टक्क्यांचं साधं, बिनवासाचं, बिनरंगाचं ब्लीच असेल तर दहा लिटरच्या बादलीला दहा मिलिलिटर पुरतं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर प्लास्टिकची छोटी वाटी येते ना, तेवढं. मी घरून ती वाटी आणून मालकांना दाखवली. मालक जुन्नरचे, शेतकऱ्याच्या घरातले. वाटीकडे बघून म्हणाले, "सर, एवढ्याशाने काय होणार? माणसाला खोकल्याला पुरत नाही ते." आणि बादलीत बुडबुड करत गळाभर ओतलं. त्या दिवशी काकडीची कोशिंबीर खाऊन एका गिऱ्हाइकाने विचारलं, काकडी पालिकेच्या तलावात पिकवता काय हो? पोहायच्या तलावात, असं त्याला म्हणायचं होतं.

आता बाटल्यांकडे वळतो, कारण खरं दुखणं बाटल्यांतच आहे.

दर गुरुवारी सायकलला दोन कॅन लावून "ॲऽसिड, फिनेऽल" असं ओरडत एक जण येतो. आपली बाटली द्यायची, तो भरून देतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ॲसिडच्या खुल्या विक्रीवर बंधनं घातली, तीही ॲसिडहल्ल्यांची प्रकरणं समोर आल्यावर. विकत घेणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, कुणाला किती विकलं ते वहीत लिहायचं, १८ वर्षांखालच्याला द्यायचं नाही. सायकलवाल्याला मी वहीचं विचारलं. वही होती. ती उधारीची होती.

आणि भरून घ्यायला हॉटेलात बाटल्या कुठल्या? पाण्याच्या. एक लिटरच्या, पारदर्शक, वर बर्फाच्छादित शिखरांचं चित्र. मोरीवरच्या फळीवर अशा सात बाटल्या ओळीने उभ्या असत आणि सातही बाटल्यांवर हिमालय. एकीत ॲसिड, किंचित पिवळसर, थेट लिंबू सरबताच्या रंगाचं. एकीत ब्लीच, पाण्याहून पाणी. एकीत फिनेलचं पाणी. काळं फिनेल पाण्यात पडलं की दुधासारखं पांढरं होतं, त्यामुळे ते ताकाच्या वंशातलं दिसतं. मसाला ताक म्हणायला फक्त कोथिंबीर कमी. एकीत भांड्यांचा हिरवा साबण, हुबेहूब खस. एकीत काचा पुसायचं निळं पाणी, एकीत चिमणीचं कॉस्टिकचं पाणी. सातव्या बाटलीत खरंच पाणी होतं. ते वस्तादांचं प्यायचं.

"ही तुमची, हे ओळखता कसं?" मी विचारलं.

"डावीकडून दुसरी."

"आणि फळी कोण पुसतं?"

"बारक्या. रोज पुसतो, बाटल्या उचलून." यात अभिमान होता.

मे महिन्यातली गोष्ट. मी घामाघूम होऊन आलो आणि पाणी मागितलं. बारक्याने तत्परतेने फळीवरची बाटली आणून माझ्यासमोर ठेवली. मी टोपण फिरवलं आणि तोंडाला लावण्याआधीच नाकाने ओळखलं. ३६ वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत मुरलेलं नाक आहे ते. हायड्रोक्लोरिक. बाटली तशीच टोपण लावून परत केली. काही बोलायला आवाज फुटेना. बारक्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहून नम्रपणे विचारलं, "ठंडा चाहिए क्या?"

मी हसतो हे सांगताना, कारण मला काही झालं नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेत, युटा राज्यातल्या साउथ जॉर्डन गावी एका हॉटेलात एका बाईंनी गार, गोड चहाचा एकच घोट घेतला आणि तोंडापासून अन्ननलिकेपर्यंत भाजल्या. त्या चहात साखरेबरोबर कॉस्टिक होतं. कुणीतरी चिकट काढायची पावडर साखर समजून साखरेच्या पिशवीत ओतलेली होती. बाई वाचल्या, पण मरणाच्या दारातून परत आल्या. त्या देशात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, प्रत्येक भिंतीवर सूचना. पण पांढरी पावडर डब्यातून बाहेर आली की कुठल्याही देशात नुसती पांढरी पावडर असते.

आपल्याकडेही नियम नाहीत असं नाही. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा; त्याखालच्या २०११ च्या नियमांच्या चौथ्या परिशिष्टात साफ लिहिलंय की साफसफाईची रसायनं अन्नापासून वेगळी आणि स्पष्ट ओळखू येतील अशा डब्यांत ठेवावीत. आमच्या हॉटेलचा परवाना गल्ल्यामागे गणपतीच्या तसबिरीशेजारी चौकटीत लावलाय. रोज सकाळी गणपतीबरोबर त्यालाही उदबत्ती ओवाळली जाते. यापलीकडे कायद्याचं पालन ते काय करायचं, असं मालकांचं मत आहे.

वस्तादांनी एकदा चहाचं पातेलं उजळायला घेतलं. ॲल्युमिनियमचं जुनं पातेलं, बाहेरून काजळीने काळंकुट्ट. मी चहा पीत होतो तेवढ्यात आतून हाक आली, "मास्तर, या, या, चमत्कार बघा!" जाऊन बघतो तो पातेल्यात पाणी खदखदा उकळतंय आणि खाली गॅस नाही. पातेलं जमिनीवर. वस्तादांनी त्यात कॉस्टिकचे दोन मोठे चमचे टाकले होते आणि आता ते हात कमरेवर ठेवून, वर्षाला किती सिलिंडर वाचतील याचा हिशेब करत उभे होते.

कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं. खाताना तापतं आणि हायड्रोजन वायू सोडतं. हायड्रोजन ठिणगीची वाटच बघत असतो, आणि पाच हातांवर शेगडीवर तवा तापत होता. मी एवढं सगळं समजावून सांगायच्या भानगडीत पडलो नाही. ओरडलो, "गॅस बंद! मागे व्हा!" वस्तादांनी गॅस बंद केला, पण तोंड पाडून. पातेलं मात्र आतून असं खरवडलं गेलं, की चहा गाळायला वेगळी गाळणी नको. मालकांनी ते वस्तादांच्या पगारातून कापायचं ठरवलं होतं. मी मध्ये पडून पातेल्याच्या वयाचा दाखला दिला.

तसं तर झुरळांचा खडूही सांगण्यासारखा आहे. तो दिसायला शाळेच्या खडूसारखाच, आणि दाराशी "आजची स्पेशल" लिहायला फळा. नवीन आलेल्या वेटरने काढलेल्या सुबक अक्षरातल्या "कोथिंबीर वडी" या शब्दांपाशी त्या दिवशी दोन झुरळं उताणी पडलेली मिळाली. पदार्थाची एवढी वाईट जाहिरात दुसरी नसेल. त्या वेटरला आधी साबणाने हात धुवायला पाठवलं, मग वडीचं बघितलं. कणीक, साखर आणि बोरिक पावडरच्या झुरळमार गोळ्यांनाही आमच्याकडे लाडूच म्हणतात. मी त्यांना लाडू म्हणू नका एवढंच सांगत आलोय. भाषेचा मुद्दा म्हणून नव्हे.

आता श्रावणातल्या रविवारची हकिगत. हॉटेल भरलेलं, मिसळीला रांग, आणि मोरी तुंबली. बारक्याने ॲसिड ओतलं. पाणी काही हलेना. मग त्याने डावीकडून चौथी बाटली घेतली आणि ब्लीच ओतलं. त्याचं तर्कशास्त्र नंतर मी विचारून घेतलं. "वो भी अच्छा है, ये भी अच्छा है, तो दोनो डाल दिया." स्वयंपाकघरात वाढलेल्या माणसाने दुसरं काय म्हणावं? गरम मसालाही चांगला, गोडा मसालाही चांगला. पण ब्लीचमध्ये ॲसिड पडलं की त्यातला क्लोरीन मोकळा होतो. मोरीचं ॲसिडच हवं असंही नाही, व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व पडलं तरी तो निघतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी नळकांडी उघडून शत्रूच्या खंदकांवर सोडला होता, तोच हा वायू. आम्ही तो मिसळीबरोबर देत होतो, वेगळे पैसे न लावता.

दुसऱ्या कुठल्या गावात त्या वासाने पळापळ झाली असती. पण हे डोंबिवली. एमआयडीसीच्या कृपेने इथे जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडलेला आहे आणि २०२० मध्ये एक अख्खा रस्ता गुलाबी झालेला आहे. वासाला आम्ही किंमत देत नाही. पाच नंबरच्या टेबलावरचे गृहस्थ पाव तर्रीत बुडवता बुडवता म्हणाले, "आज लवकर सोडला कंपनीने." बायको म्हणाली, "रविवारीसुद्धा? जराही सुट्टी नाही बाई त्यांना." आणि दोघांनी रुमाल काढला, नाकाला लावला, आणि उरलेल्या हाताने मिसळ चालू ठेवली. एकाने "खिडकी लावा, बाहेरून येतोय" असंही सांगितलं. वेटरने लावलीसुद्धा.

मी दारातून आत पाहिलं तर मोरीवर पिवळट हिरवा पडदा तरंगत होता. मग मात्र शाळेतला आवाज बाहेर आला, "सगळे बाहेर! चला, उठा, बाहेर!" सवयीने "रांगेत" असंही म्हणून गेलो. लोक रांगेत बाहेर पडले. मालक गल्ल्यावरून खोकत खोकत ओरडत होते, "बिल! बिल देऊन जा!" कुणीही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिघे जण येऊन देऊन गेले, त्यात ते पाच नंबरवाले होते. त्यांनी अर्ध्या मिसळीचेच पैसे दिले.

मावशी मागे राहिल्या. क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड. तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो, खोलगट जागा धरतो. भांडी घासणाऱ्या मावशी मोरीशेजारी चार बोटं उंचीच्या पाटावर बसलेल्या, तोंड मोरीकडे. मालकांची खुर्ची गल्ल्यामागच्या चौथऱ्यावर, पंख्याखाली. म्हणजे सगळ्यांत जास्त वायू कुणाच्या वाट्याला यायचा हे बसायच्या जागांनीच ठरवून ठेवलं होतं. बारक्याने मावशींना हाताला धरून ओढत बाहेर आणलं, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवायला हवं. चार तास ऑक्सिजन लावला, आठवडाभर खोकला राहिला. दवाखान्याचं बिल मालकांनी भरलं, मुकाट्याने.

बाहेर पडणं एवढंच त्या वेळी करायचं असतं. दारं-खिडक्या उघडणं बाहेर पडता पडता जमलं तर. नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात, बर्लिंग्टनच्या एका हॉटेलात फरशीवर आधी एक आम्लाचं क्लीनर सांडलेलं होतं. नंतर दुसऱ्या कामगाराने त्याच फरशीवर धुवायला ब्लीचचं क्लीनर ओतलं. हिरवे बुडबुडे आले. हॉटेलचा मॅनेजर, बत्तीस वर्षांचा, ते पाणी ढकलून दाराबाहेर काढायला पुढे झाला. तो गेला. बाकीचे अनेक जण दवाखान्यात पोचले. चांगला मॅनेजर होता म्हणूनच पुढे झाला असणार, हे मला फार दिवस डोक्यातून काढता आलं नाही.

आमच्या मालकांनी त्या रविवारातून वेगळाच धडा घेतला. बाहेर फुटपाथवर उभे राहून लोक धुराचे फोटो काढत होते, हे त्यांनी पाहिलं होतं. मंगळवारी मला म्हणाले, "सर, तुमचं शास्त्र बरोबर आहे, पण धूर लोकांना आवडतो. लग्नात ते धुराचं पान देतात, तसलं काही ठेवू या का?" मी त्यांना समोर बसवलं. लग्नातला तो धूर द्रव नायट्रोजनचा असतो, उणे १९६ अंशांचा, किंवा कोरड्या बर्फाचा, उणे ७८ चा. धूर पूर्ण विरल्याशिवाय त्यातलं काही तोंडात घालायचं नसतं, आणि कोरड्या बर्फाचा खडा तर कधीच नाही. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका हॉटेलात मुखशुद्धी म्हणून पाच जणांच्या हातावर कोरडा बर्फ पडला. पाचही जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या आणि मॅनेजरला अटक झाली. अटक हा शब्द ऐकल्यावर मालकांना बडीशेप पुरेशी वाटू लागली.

यानंतर वस्ताद माझं थोडं ऐकू लागले, पण त्यांचं ऐकणं म्हणजे उलटतपासणी. मी सांगत होतो, अंगावर ॲसिड किंवा कॉस्टिक उडालं तर कपडा काढून वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरायचं. हळद नको, टूथपेस्ट नको, दही नको.

"मास्तर, तुम्हीच पोरांना शिकवायचात ना, आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की मीठ आणि पाणी होतं?"

"हो."

"मग ॲसिडवर कॉस्टिक टाकलं की झालं की! मीठच होतंय."

३६ वर्षांत एकाही विद्यार्थ्याने माझं इतकं ध्यान देऊन ऐकलं नव्हतं. मी सांगितलं, होतं मीठच, पण होताना एवढी उष्णता निघते की ते मीठ भाजलेल्या कातडीवर पडतं. म्हणून पाणी, भरपूर पाणी. आणि पोटात गेलं तर ओकारी काढायची नाही, कारण जाताना जे जाळत गेलं ते येतानाही जाळत येतं. सरळ दवाखाना गाठायचा आणि बाटली बरोबर न्यायची. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात, काय घेतलं, बाटली कुठाय.

"आणि बाटलीवर काय लिहिलेलं असेल आपल्या?" मालकांनी मध्येच विचारलं. सगळे फळीकडे बघू लागले. सात वेळा हिमालय.

मग मला काम मिळालं. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून मी मोठ्या झोकात चिठ्ठ्या लिहिल्या: "ॲसिड – धोका", "ब्लीच – ॲसिडबरोबर वापरू नये". त्याआधी मालकांनी पुरवठादाराकडून सुरक्षिततेचं माहितीपत्रकही मागवलं होतं. ते इंग्रजीत आणि सोळा विभागांचं. छापून घेतल्यावर आमच्याकडे त्याचा उपयोग भज्यांचं तेल टिपायला झाला आणि विभाग नऊ, भौतिक व रासायनिक गुणधर्म, माझ्याच कांदाभज्यांखाली आला. माझ्या मराठी चिठ्ठ्यांचं तरी सोनं होईल असं वाटलं होतं. पण बारक्या ओडिशाचा, तव्यावरचा नेपाळचा, दोन वेटर उत्तर प्रदेशचे. तिसऱ्या दिवशी मोरीच्या वाफेने शाई उतरली आणि "धोका" मधला मागचा अर्धा भाग "का" तेवढा उरला. बारक्याने तो वाचून घेतला आणि विचारलं, "का मतलब क्यों ना?" मग मी कवटी आणि दोन हाडं काढली. ती पाहून तव्यावरच्याला वाटलं, हे नॉनव्हेजच्या भांड्यांसाठी.

मावशी पंधरा दिवसांनी कामावर आल्या. त्यांनी चिठ्ठ्या पाहिल्या, कवटी पाहिली, काही बोलल्या नाहीत. त्यांना वाचता येत नाही. दुसऱ्या दिवशी घरून एक विटलेली लाल साडी आणली, तिच्या चिंध्या फाडल्या आणि सहा बाटल्यांच्या गळ्यात घट्ट गाठ मारून बांधल्या. ॲसिडच्या बाटलीला दोन गाठी. ब्लीचची बाटली फळीवरून उचलून थेट संडासाच्या बाजूच्या खिडकीत नेऊन ठेवली, दोघांची भेटच होऊ नये म्हणून. वस्तादांना सांगितलं, "तुमचं पाणी तांब्यात ठेवा." वस्ताद "सोडा हो" म्हणायला तोंड उघडणार होते, पण मावशींनी त्यांच्याकडे बघितलं. दुपारपासून तांब्या आला. बारक्याने फक्त एवढंच विचारलं, "लाल मतलब नहीं?" मावशी म्हणाल्या, "लाल म्हणजे हात नाय लावायचा." भाषांतर लागलं नाही.

चिंध्या बांधून आठ महिने झाले. दिवे गेले तरी गाठ हाताला लागते, ही सोय माझ्या अक्षरात नव्हती. सायकलवालाही आता चिंधी नसलेली बाटली भरून देत नाही, मावशींनी त्याला दम भरलाय.

त्या साडीच्या अजून बऱ्याच चिंध्या शिल्लक आहेत, मोरीशेजारच्या डब्यात. कुणाच्या हॉटेलात किंवा घरच्या बाथरूममध्ये हिमालयाची बाटली उभी असेल तर चारनंतर येऊन मागून घ्याव्यात. पैसे नाहीत. येताना फक्त चपला बाहेर काढा, त्या वेळी फरशी ओली असते.